अमानोंच्या घरातला मुका पाना

मित्रांनो, सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून टाकतो. माझ्या अंगाला मुळ्याच्या लोणच्याचा वास येतो. तो का येतो ते पुढे कळेलच. तोवर हवं तर नाकाला रुमाल लावा, पण उठून जाऊ नका.

मी एक जुना टॉर्क पाना आहे. साधा पाना तुम्ही पाहिला असेल. तो बिचारा ओढाल तितका आवळतो. किती आवळलं हे त्याला कळत नाही आणि ओढणाऱ्यालाही कळत नाही. माझं तसं नाही. माझ्या मुठीवर आकडे कोरलेले आहेत. मूठ फिरवून हवा तो आकडा लावायचा, पुढे नटाच्या मापाची गोटी, म्हणजे नटावर बसणारी पोकळ टोपी, बसवायची आणि सावकाश ओढायचं. ठरलेला जोर लागला की माझ्या पोटातली कळ निसटते आणि मी बोलतो, "कट्!" मला एवढंच बोलता येतं. त्याचा अर्थ, 'पुरे झालं, आता हात थांबवा.' एकदा सांगून मी गप्प बसतो. त्यानंतरही कुणी ओढतच राहिलं तर मला त्याला अडवता येत नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथे एका चष्मेवाल्या बाईंनी मला यंत्रात अडकवून पुन्हा पुन्हा बोलायला लावलं, माझं बोलणं खरं असल्याचा एक कागद लिहिला, त्यावर शिक्का मारला आणि मला निळ्या पेटीत झोपवलं. तो कागद मला फार प्रिय होता. दुकानातल्या फळीवर बाकीच्या पान्यांसमोर मी त्या कागदाचा जरा जास्तच तोरा मिरवत असे.

जपानातल्या तेनर्यू नदीकाठच्या आमच्या गावात अवजारांचं एकच मोठं दुकान आहे. तिथे एका शनिवारी अमानो इवाओ आणि त्यांची बायको नोबुए आली. इवाओंनी उभा जन्म डोंगरातल्या छोट्या रेल्वेची गाडी चालवली होती. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, पण पाठ अजून गाडीच्या खुर्चीत बसल्यासारखी ताठ. नोबुएबाई बुटक्या आणि हसऱ्या. बोलणं मात्र असं, की समोरच्याला ते टोचलंय हे घरी गेल्यावर कळावं.

इवाओंचा हात थेट माझ्या शेजारच्या दांडगेश्वरावर पडला. तो ट्रकच्या चाकांसाठी बनलेला, लांबीला जवळजवळ नोबुएबाईंच्या कमरेइतका.

"पाना असावा तर असा!" इवाओ म्हणाले.

"अहो, मोटारसायकल आवळायची आहे, बोगदा नाही खणायचा," नोबुएबाई म्हणाल्या.

दुकानदार भला माणूस होता. त्याने समजावलं, की पाना घेताना आधी आपल्या गाडीच्या पुस्तकात कुठल्या बोल्टला किती जोर लिहिलाय ते पाहायचं आणि ते आकडे ज्या पान्याच्या मापपट्टीत साधारण मध्यावर येतील तो घ्यायचा. या थोरल्याची सुरुवातच इतक्या वरून होते, की ऑइल सोडायचा छोटा बोल्ट त्याच्या हिशेबातच येत नाही. तांदळाची पोती तोलायच्या काट्यावर चिमूटभर मीठ टाकलं तर काटा हलेल का? इवाओंनी मान हलवली, पण नजर थोरल्यावरच. मग दुकानदाराने माझी पेटी उघडली आणि तो कागद बाहेर काढला. शिक्का पाहताच इवाओ सावधान उभे राहिले. रेल्वेच्या माणसाला तपासणीचा शिक्का दाखवा, तो पाघळलाच. मी अमानोंच्या घरी आलो.

त्या घरात मोटारसायकल होती नोबुएबाईंची, इवाओंची नव्हे. साठी पूर्ण झाली की आमच्याकडे माणसाला लाल बंडी आणि लाल टोपी घालून मधोमध बसवतात. नवा जन्म झाला, पुन्हा बाळ झालात म्हणून. नोबुएबाईंनी साठीच्या दोन वर्षं आधीच घरात जाहीर केलं, "लाल टोपी मी घालेन, पण ती डोक्यावर आपटलं तरी न फुटणारी असेल." मग त्या शिकवणीला गेल्या, तीनदा नापास झाल्या, चौथ्यांदा पास झाल्या आणि जुनी अडीचशे सीसीची गाडी व लालभडक हेल्मेट घेऊन आल्या. त्यांच्या शाळेतल्या मैत्रिणींचा साठीचा मेळावा पुढच्या शरदात डोंगरापलीकडे इइदाला होता. तिथे मी स्वतः गाडी चालवत येणार असं त्यांनी सगळ्यांना कळवलं. उत्तरं आली ती सगळी हसण्याची.

इवाओंनी विरोध केला नाही. ते एवढंच म्हणाले, "चालव. पण गाडीचा एकूण एक बोल्ट मी आवळणार." मित्रांनो, त्या माणसाला 'मला तुझी काळजी वाटते' हे वाक्य म्हणता येत नसे. तो ते पान्याने म्हणायचा. म्हणूनच मला ते घर आवडलं.

आता त्यांची काम करायची तऱ्हा सांगतो. रेल्वेत काहीही तपासलं की त्याकडे बोट रोखून मोठ्याने सांगायची शिस्त असते. सिग्नल हिरवा दिसला की बोट दाखवून, "सिग्नल हिरवा, ठीक!" इवाओ निवृत्त झाले, पण बोट निवृत्त झालं नाही. घराबाहेर पडताना, "गॅस बंद, ठीक!" आंघोळीला जाताना, "टॉवेल घेतला, ठीक!" आणि मोटारसायकलच्या शेडमध्ये तर काय विचारता. थंडीचे लोकरी हातमोजे, त्यावर रेल्वेचे पांढरे हातमोजे, असा थाट करून ते मला हातात घेत, ओढत, आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडत, "बोल्ट घट्ट, ठीक!"

त्या आरोळीखाली माझा बिचाऱ्याचा 'कट्' कुणाला ऐकू जाणार? पहिल्या दिवशीच मला शंका आली होती. मी 'कट्' म्हणालो, ते ओढतच राहिले. त्यांनी हात सैल करून पुन्हा ओढलं. मी पुन्हा म्हणालो, 'कट्.' ते थांबून माझ्याकडे रोखून पाहू लागले, जणू माझंच काहीतरी सांगायचं राहिलंय. तिसऱ्यांदा मी जीव तोडून म्हणालो, 'कट्!' त्यांनी अजून एक हिसका दिला आणि समाधानाने ओरडले, "घट्ट, ठीक!" बोल्ट रडत होता. ते फक्त मला ऐकू आलं.

व्हायचं तेच झालं. मे महिन्यात ऑइल बदलताना इंजिनाखालच्या बोल्टचे आटे गेले. म्हणजे बोल्ट फिरायचा पण धरायचा नाही, आणि शेडच्या फरशीवर ऑइलचं तळं. नोबुएबाईंनी त्या तळ्याकडे बोट दाखवून हळूच म्हटलं, "गळतंय, ठीक." इवाओंनी ते ऐकलं नाही. की ऐकलं आणि दाखवलं नाही? तेव्हा मला ठरवता आलं नाही.

गाडी निइमीच्या गॅरेजमध्ये गेली. निइमी ही इवाओंच्या रेल्वेतल्या मित्राची मुलगी, तोंडाने फटकळ पण हात सोन्याचा. तिने बोल्ट पाहिला आणि कपाळावर हात मारला.

"काका, हा बोल्ट आवळला होता की त्याच्यावर सूड उगवला होता?"

"पाना मुका आहे," इवाओ म्हणाले. "बोलतच नाही."

"टॉर्क पाना ना? मग आणा की एकदा इकडे, बघते."

"काही गरज नाही. मी तपासतो." ते घरी आले. त्यांना दुसऱ्याच्या तपासणीची भीती वाटतेय हे मला तेव्हा कळलं नाही. मला आपला राग आला. कारखान्यातून शिक्का घेऊन आलेल्या मला मुका म्हणता?

तपासणी झाली खरी. इवाओंनी शेजारच्या कुरेबायाशी आजोबांना पंच म्हणून बोलावलं. आजोबांचं वय ब्याऐंशी. त्यांचं कानाचं यंत्र होतं, पण ते घरच्या ड्रॉवरमध्ये मोज्यांबरोबर असायचं, कारण ते घातलं की सून काय काय बोलते ते ऐकू येतं. अंगणात टेबलाला व्हाइस, म्हणजे लोखंडी पकड, लावलेली होती. तिच्यात एक बोल्ट पकडून दोघे समोरासमोर उभे राहिले.

इवाओंनी मला ओढलं. मी म्हणालो, 'कट्.'

"वाजला?" इवाओंनी विचारलं.

"भजी? नको, पोट बरं नाही," आजोबा म्हणाले.

"वाजला का, वाजला!"

"छे! काहीच नाही." मग आजोबांनी स्वतः ओढलं. 'कट्,' मी स्पष्ट म्हणालो. अंगणातली चिमणी दचकून उडाली. आजोबांनी गंभीरपणे मान हलवली. "मुकाच आहे हो. हल्लीच्या मालात जीवच नाही. आमच्या वेळचे पाने कसे, खणखणीत."

"मी तेच म्हणतोय."

"आँ?"

"तेच म्हणतोय!"

दोन बहिऱ्यांनी मिळून एका बोलक्याला मुका ठरवलं. निकाल लागला, अपील नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीशी नोबुएबाई भांडी घासत होत्या. त्यांचा हात क्षणभर थांबल्याचं मला दिसलं, मग त्या पुन्हा भांडी घासू लागल्या.

माझी निळी पेटी माळ्यावर गेली. मी कुठे गेलो म्हणता? नोबुएबाई लोणच्यासाठी पिंपातल्या कोंड्यात मुळा मुरवतात. त्या पिंपाच्या झाकणावर दगड ठेवतात आणि तो दगड नेहमी एका बाजूला घसरतो. त्याला अडवायला आडवं काहीतरी हवं होतं. मी हाताशी सापडलो. झालं! ज्याच्या नावाने शिक्क्याचा कागद निघाला, तो मुळ्यावर पहारा देऊ लागला. अडगळीत पडलेल्या अवजारांच्या दुःखी कहाण्या तुम्ही ऐकल्या असतील. त्यातल्या एकालाही लोणच्याचा वास नसतो. शिवाय शेवटच्या कामानंतर माझा आकडा शून्याकडे परत फिरवायचं कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं, त्यामुळे पोटातली स्प्रिंग दाबलेलीच राहिली होती. दोन्ही बाजूंनी माझी कोंडी झाली होती.

उन्हाळा गेला. पर्सिमनची फळझाडं लाल झाली. मेळावा आला. जायच्या आधी मागचं टायर नवं घालायचं होतं. इवाओंनी चाक काढलं, टायर बदलून आणलं आणि चाक परत बसवलं. राहिला चाकाचा मुख्य नट. हा सैल राहिला तर चाक डगमगणार, आणि फाजील आवळला तर आटे जाणार, तेही डोंगरातल्या वळणांवर, नोबुएबाई वर बसलेल्या असताना. इवाओ साधा पाना घेऊन त्या नटासमोर उकिडवे बसले. आवळला. उठले. पुन्हा बसले, सैल केला, पुन्हा आवळला. बोट दाखवलं, पण तोंडातून 'ठीक' निघेना. दुपारभर असंच चाललं. चहा गार झाला.

शेवटी ते स्वयंपाकघरात आले. नोबुएबाई मुळे धूत होत्या.

"उद्या निघण्याआधी निइमीकडे नट आवळून घेऊ या का?" नोबुएबाईंनी विचारलं.

"का? माझ्यावर भरवसा नाही?"

"तुमच्यावर आहे हो. पण पाना तर मुका म्हणता."

"मुकाच आहे. कुरेबायाशींनीही सांगितलं."

नोबुएबाईंनी हात पुसले, पिंपावरून मला उचललं, माझ्या अंगावरचा कोंडा झटकला आणि त्या सरळ त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "अहो, हा वाजतो. दर वेळी तीनदा वाजायचा. भांडी घासताना इथपर्यंत ऐकू यायचा. मला वाटायचं, तीनदा वाजवायची तुमची रेल्वेची पद्धत असेल."

नळ वाहत होता. इवाओंनी तो पाहिला, बोट दाखवलं नाही, नुसता बंद केला. मग माझ्याकडे असं पाहिलं, की माझा सगळा राग तिथल्या तिथे विरघळला. त्या नजरेत माझ्यावरचा ठपका नव्हता, नुसती भीती होती.

मित्रांनो, ती भीती जुनी होती. रेल्वेत दरवर्षी कानांची परीक्षा असते. इवाओंचा दोस्त ओमुरा त्यात नापास झाला, तेव्हा त्याला गाडीवरून उतरवून स्टेशनातल्या हरवलेल्या छत्र्यांच्या खिडकीवर बसवलं. उरलेली सगळी नोकरी तो छत्र्या उघडून-मिटून बघत राहिला. इवाओंच्या गाडीचे दिवस संपले, पण कान गेले तर आपल्यालाही कुणीतरी छत्र्यांच्या खिडकीवर बसवेल, हे मनातून गेलं नाही. शेड, मोटारसायकल, बायकोच्या गाडीचे बोल्ट, एवढीच त्यांची गाडी उरली होती. ती कुणी काढून घेऊ नये म्हणून ते मला मुका म्हणत होते.

सकाळी नोबुएबाई लाल हेल्मेट काखेत घेऊन शेडमध्ये आल्या. इवाओ नटापाशी बसलेले. मी त्यांच्या हातात, गोटी नटावर बसवलेली, आकडा गाडीच्या पुस्तकाप्रमाणे लावलेला. पण हात ओढेना.

"उशीर होतोय," नोबुएबाई म्हणाल्या.

"मला ऐकू येत नाही," इवाओ नटाकडे बघत म्हणाले.

मग नोबुएबाई त्यांच्या शेजारी उकिडव्या बसल्या.

"माहीत आहे. चहा घेणार का विचारलं की 'मंगळवारी' म्हणता. चार वर्षं झाली."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले की. तुम्हाला ऐकू आलं नाही."

इवाओ हसले. इतके, की मी हातातून सुटता सुटता वाचलो. बरं झालं, कारण मला खाली पाडलं तर माझ्या बोलण्याचा काही भरवसा राहत नाही. हसता हसता त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "या नटावर तू बसणार आहेस गं. चुकलं तर?"

"तुमच्या रेल्वेत एकाने म्हणायचं आणि दुसऱ्याने तेच परत म्हणायचं, असं होतं ना?"

"होतं. गार्डने सांगायचं, चालकाने परत म्हणायचं."

"मग मी गार्ड. ते दोन-दोन हातमोजे काढा आधी. आणि ओरडायचं नाही, मी सांगेपर्यंत."

हातमोजे निघाले. माझ्या थंड मुठीला पहिल्यांदाच त्यांचा उघडा हात लागला, खरखरीत आणि घामेजलेला. नोबुएबाईंनी कान पुढे केला. इवाओंनी श्वास धरून मला सावकाश ओढायला सुरुवात केली. माझी तर पाचावर धारण बसली. इतके महिने दाबलेली स्प्रिंग आणि सांध्यांत लोणच्याचं मीठ. मी खरं बोलेन ना? मी सगळा जीव त्या एका अक्षरात आणला.

'कट्.'

"वाजला!" नोबुएबाईंनी माझ्याकडे बोट रोखलं.

इवाओंचा हात जागच्या जागी थांबला. "वाजला, ठीक!" ते म्हणाले. मग आपल्या तळव्याकडे पाहत राहिले. "हाताला लागतो की गं हा. बारीक धक्का देतो."

"मोजे काढल्यावर सगळंच लागतं," त्या म्हणाल्या आणि हेल्मेट घातलं. तरीही जाताना निइमीच्या दाराशी थांबून तिच्या पान्याने नट पडताळून घ्यायचं दोघांनी ठरवलं, कारण मिठात राहिलेल्या साक्षीदाराची साक्ष एकट्याने धरू नये. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. निइमीचा पाना म्हणाला, 'कट्', आणि नट तसूभरही हलला नाही. हे इवाओंनी मला घरी येऊन स्वतः सांगितलं.

तो दिवस त्यांनी फाटकाशी काढला. अंधार पडता पडता लाल हेल्मेट वळणावर दिसलं. मागे सफरचंदांची पेटी बांधलेली. ज्या मैत्रिणी हसल्या होत्या त्यांनी रांग लावून त्या गाडीवर बसून फोटो काढले होते. इवाओंनी चाकाकडे बोट दाखवलं, मग बायकोकडे. "परत आली," ते म्हणाले, आणि पुढचं 'ठीक' न म्हणताच पेटीची दोरी सोडू लागले.

दुसऱ्या आठवड्यात ते कानाचं यंत्र घेऊन आले. घरात आता नोबुएबाईंना पुटपुटायची चोरी झाली आहे. मला निइमीने तपासून, तेलपाणी करून परत पाठवलं. नवा कागद, नवा शिक्का. निळी पेटी माळ्यावरून खाली आली. वास मात्र काही केल्या गेला नाही.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद असेल तर एवढं करा. त्याने गंजलेले नट सोडवू नका, त्या कामाला साधा पाना आहे. त्याला आपटू नका, हातोडा समजू नका, लोणच्यावर ठेवू नका. काम झालं की आकडा खाली आणून त्याची स्प्रिंग मोकळी करा. सावकाश ओढा, आणि तो एकदा बोलला की थांबा. आणि घरात कुणी 'ऐकू येत नाही' म्हणालं तर त्याला छत्र्यांच्या खिडकीवर बसवू नका. त्याच्या शेजारी उकिडवे बसा.

यंत्र घातलं त्या पहिल्या सकाळी इवाओंनी अंगणातल्या व्हाइसमध्ये एक जुना बोल्ट पकडला, अगदी खालचा आकडा लावला आणि मला ओढलं.

'कट्.'

ते दचकले. मला कानाजवळ नेलं, उलटसुलट पाहिलं. "हाच तुझा आवाज?" ते हळूच म्हणाले. "एवढासा?" मग त्यांनी बोल्ट सैल केला आणि पुन्हा ओढलं. 'कट्.' पुन्हा. 'कट्.' चेहरा असा, की जणू साठीची लाल टोपी आज खरी त्यांनाच चढली. मी बोलत राहिलो. इतकं मी जन्मात बोललो नव्हतो.

खिडकीतून नोबुएबाईंचा आवाज आला, "अहो, एकदाच ओढायचं असतं! चहा घेणार का?"

इवाओंनी खिडकीकडे बोट रोखलं.

"चहा, आत्ता, ठीक!"